आठ अंशांचा फरक

"खुनेवर इश्वास ठेवाचा नाई, बाई," असं मिस्त्री माझ्या दुकानात पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा हेडलाइटचा बल्ब घ्यायला आलेला एक हवालदार एकदम वळून बघायला लागला. त्यांच्या बोलण्यात ण कधी यायचाच नाही. पाणी ते पानी, लोणी ते लोनी आणि खूण ती खून. गिअरवर ठोकलेल्या खुणेबद्दल चाललं आहे, असं मी हवालदारांना समजावून सांगितलं. हवालदार हसले. हे मात्र हसले नाहीत. "खून मानसानं केली रायते," त्यांनी मलाच पुन्हा सांगितलं, "आन् मानूस चुकते."

चंद्रपुरात, परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या आत, माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. माझे यजमान गेले तेव्हा मला बेअरिंग आणि बुश यांतला फरक कळत नव्हता. गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "मालक कुठी गेले?" पहिलं वर्ष मी हेच ऐकलं. त्या वर्षात एकच माणूस असा आला की ज्याने मालकांची चौकशी केली नाही. पोंभुर्ण्याचे मिस्त्री. त्यांनी कॅमशाफ्ट मागितला, मी भलताच काढून दिला, आणि तो परत करताना ते म्हणाले, "हा दुसऱ्या गाडीचा हाय. पा, याचे पाट मोजा. आता तुमी इसरनार नाई." खरंच विसरले नाही.

नवा शाफ्ट हातात आला की ते कागद सोडायचे, तेल पुसायचे, आणि काउंटरच्या काचेवर दोन लाकडी ठोकळे ठेवून त्यांवर तो आडवा टाकायचे. मग डोळे मिटायचे. उजव्या हाताचं एक बोट लावून हळूहळू फिरवायचे. दुकानात कितीही गर्दी असो, त्यांना कुणाचं काही ऐकू यायचं नाही. कधी डोळे उघडून "चांगला हाय" म्हणायचे, कधी काही न बोलता पुन्हा कागदात गुंडाळून माझ्याकडे सरकवायचे. तुम्हीही कुठल्यातरी कामात असा बुडालेला माणूस पाहिला असेल. त्याच्याकडे बघताना आपणही नकळत हळू बोलायला लागतो.

ज्यांनी इंजिन उघडलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या आतला एक लांब दांडा. त्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात, त्यांनाच हे पाट म्हणायचे. दांडा फिरला की ते उंचवटे झडपा उघडतात आणि मिटतात. झडप कधी उघडावी हे पिस्टनच्या चालीशी जुळावं लागतं. दोन गिअरवर दोन ठिपके असतात, ते समोरासमोर आणले की जुळलं, असं बहुतेक मिस्त्री मानतात आणि इंजिन बांधून मोकळे होतात. हे मानायचे नाहीत. ते अंश मोजायचे.

त्यासाठी त्यांच्याकडे एक स्टीलचं ताट होतं. मधोमध भोक, आणि कडेने तीनशे साठ बारीक रेघा. रेघा त्यांच्या मुलीने, पल्लवीने, आठवीत असताना कंपासपेटीतला कोनमापक ठेवून मारून दिल्या होत्या, आणि त्यांनी त्या छिन्नीने कोरल्या होत्या. ताट त्यांच्या लग्नातलं होतं. सहा ताटांच्या संचातलं एक गायब झालेलं वहिनींना, मिस्त्रींच्या बायकोला, पाहुणे आले त्या दिवशी कळलं, आणि सापडलं ते ट्रॅक्टरच्या इंजिनाला नटाने आवळलेलं. "मग काय केलं वहिनींनी?" मी विचारलं होतं. "काई नाई. महिनाभर मले पळसाच्या पानावर जेवू घातलं," ते म्हणाले. "बरं लागे."

मी त्यांचं काम प्रत्यक्ष पाहिलं ते पोंभुर्ण्याला एका लग्नाला गेले तेव्हा. रस्त्याच्या कडेला घर, घराला लागून शेड, शेडमध्ये धानाच्या गिरणीचं इंजिन. त्यांनी इंजिनाचा ब्लॉक उभा केला होता आणि विहिरीत घागर सोडावी तसा शाफ्ट वरून आत सोडत होते, कुठेही भिंतीला लागू न देता. "आडवा घातला का बुशले ओरखडा जाते," त्यांनी न बघताच सांगितलं. मग ताट क्रँकला, म्हणजे पिस्टन हलवणाऱ्या मुख्य दांड्याला लावलं, तारेचा एक काटा ब्लॉकला बांधला, आणि झडपेच्या दांड्यावर सुईचं डायल बसवलं. ते हळूहळू क्रँक फिरवत डायलची सुई बघायचे. सुई ठरल्या जागी आली की थांबायचे. ताटावर तारेचा काटा कुठे आहे ते पल्लवी वाचायची. चढताना एक आकडा, उतरताना एक. दोन्हींची बेरीज, तिचं निम्मं. तो आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळला तर इंजिन बरोबर.

"एकदा तर जुळलं की, मग पुन्हा कशाला?" मी म्हटलं.

"तीनदा घेते बाबा," पल्लवी हसून म्हणाली. "एकदाचं त्याईले खोटं वाटते, दोनदाचं योगायोग."

ती तेव्हा कॉलेजात होती. गणितात हुशार, आणि बोलताना मध्येच थांबून श्वास घेणारी. डोळ्यांत हळदीची छटा. आमच्या भागातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. तिला सिकलसेल होता. चंद्रपूरला रक्त चढवायला यायची तेव्हा बापलेक आधी माझ्या दुकानात टेकायचे. मी तिला स्टूल द्यायची, ती पाठ भिंतीला लावून बसायची आणि रॅकवरचे डबे वाचत राहायची. एकदा तिने माझा सगळा वॉशरचा रॅक मापाप्रमाणे लावून दिला. "मावशी, तुमचं दुकान पाहून माह्यं डोकं दुखून राह्यलं होतं," म्हणाली. बी.एस्सी. झाल्यावर ती घरीच मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागली. तिला नोकरीसाठी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं, पण महिन्यातले सहा-सात दिवस अंथरुणावर जाणारी मुलगी कोण ठेवून घेणार?

आजार तिला सहाव्या वर्षी कळला. तेव्हाच तपासणीत हेही कळलं की मिस्त्री आणि वहिनी दोघंही वाहक आहेत. स्वतःला काही त्रास नाही, पण रक्तात अर्धा दोष. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, दवाखान्याच्या बाहेर चहा घेताना.

"आमी दोघई आर्धे होतो, बाई. ते पुरी झाली."

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत होतं, भाऊ? तेव्हा कोण तपासत होतं?"

"कोनी नाई," ते म्हणाले. "पत्रिका पाह्यली. छत्तीसातले अठ्ठावीस जुळले होते." मग बराच वेळ कप हातात धरून बसले. चहा प्यायलेच नाहीत.

आता एका जीपचं सांगायचं.

पोंभुर्ण्याच्या पलीकडे जंगलातल्या दोन-तीन गावांना एकच जीप होती. तिचा चालक मडावी नावाचा, गावातलाच. बाजाराच्या दिवशी माणसं आणि मोहफुलांची पोती, एरवी कुणाला साप चावला, कुणा बाईचे दिवस भरले, की हीच गाडी. तिचं इंजिन बसलं आणि मडावीभाऊंनी ती ओढत मिस्त्रींच्या शेडमध्ये आणली. नवा कॅमशाफ्ट आणि त्याचा गिअर माझ्या दुकानातून गेला. शाफ्ट त्यांनी नेहमीसारखा काचेवर फिरवून घेतला. गिअर घेताना मात्र त्या दिवशी घाईत होते, बस निघणार होती. मीच पुडा त्यांच्या पिशवीत टाकला.

तीन दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला.

"बाई, गिअरची खाच वाकडी हाय. ठिपके जुळून राह्यले, पन इंजन आठ अंश मांगं येऊन राह्यलं. एकशे सहा पायजे, एकशे चौदा येते. सकाळपासून तीनदा घेतलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दुसरा पाठवते, भाऊ. उद्याच्या बसने."

"त्याच घानातला असन. राहू द्या. मी चावी घासतो." चावी म्हणजे गिअर आणि शाफ्ट यांना एकत्र धरणारा पोलादाचा छोटा तुकडा. त्याला केसभर पायरी काढली की गिअर तेवढा सरकतो. एवढ्याशा तुकड्यावर ते दोन दिवस कानस चालवणार होते. "आठ अंशानं गाडी तं चालन," ते म्हणाले, "पन चढावर दम तोडन. आन् ते गाडी कोनाकोनाले घेऊन जाते, तुमाले ठाऊक हाय."

हे बोलणं चालू असताना त्यांच्या मागे पल्लवी खोकत होती. मला नीट ऐकू आलं. कोरडा, तुटक खोकला, मधे मधे थांबणारा. मी विचारलं ते गिअरबद्दल. त्याच घाण्यातले, म्हणजे कारखान्याच्या त्याच खेपेचे, माझ्याकडे आणखी तीन पडले होते, मला त्यांची काळजी लागली होती.

नंतर वहिनींनी सांगितलं ते असं. त्या दिवशी सकाळी उठल्यापासून पोरीच्या छातीत दुखत होतं. वहिनींनी दवाखान्यात जाऊ म्हटलं. ती म्हणाली, "बाबाचं होऊ दे. एक तासाचं काम हाय." पहिल्या खेपेला आकडा चुकीचा आला. मिस्त्रींना वाटलं आपलंच ताट सरकलं असेल. सगळं सोडून पुन्हा शून्यापासून लावलं. दुसऱ्यांदा तेच. डायलवर संशय घेतला, ते बदललं. तिसऱ्यांदा तेच. ती वाकून वाचत राहिली. अठ्ठ्याण्णव. एकशे तीस. अठ्ठ्याण्णव. एकशे तीस. तासाचं काम दुपारपर्यंत गेलं. शेवटचा आकडा सांगून ती घरात आली आणि भिंतीला धरून खाली बसली.

संध्याकाळी ताप चढला. गाडी लगेच मिळाली, दवाखान्यात कुणी कसूर केली नाही, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. डॉक्टर रात्रंदिवस उभे होते. पण छातीत उतरलेलं ते दुखणं या आजारात फार वाईट. मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. ऑक्सिजनची नळी नाकाला. तिने मला बघून बोटांनी काहीतरी खूण केली. मला कळली नाही. वहिनी म्हणाल्या, "तुमाले बसा म्हनून राह्यली." तिथे बसायला स्टूल नव्हतं. मी पलंगाच्या कडेवर बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. चोवीस वर्षांची होती.

मिस्त्री बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी जवळ गेले. तेच आधी बोलले.

"मी त्या डायलच्या सुईकडे पाहून राह्यलो होतो, वो बाई. तिच्या तोंडाकडे पाह्यलंच नाई."

"भाऊ, तिने सांगितलं नाही—"

"इंजन सांगते का?" ते म्हणाले. "त्याचं मले न सांगता आयकू येते. इचं नाई आयकू आलं."

गिअर माझ्या दुकानातला होता. तो नीट असता तर पहिल्याच खेपेला आकडा जुळला असता, तासाभरात ती मोकळी झाली असती, सकाळीच दवाखान्यात आली असती. मी हे त्यांना त्याच व्हरांड्यात सांगितलं, कारण न सांगता मला घरी जाता येईना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काय बोलते आहे तेच त्यांना उमगत नव्हतं. मग माझ्या हातातला रिकामा डबा घेतला, झाकण नीट बसवलं आणि परत दिला. "घरी जा, बाई. ऊन होऊन राह्यलं."

तेरवीला गेले तेव्हा शेडमध्ये इंजिन तसंच उघडं होतं. ताट क्रँकवर, तारेचा काटा एकशे तीसवर. कोणीतरी त्यावर जुनं लुगडं झाकलं होतं, ते वाऱ्याने अर्धं सरकलं होतं. मडावीभाऊ शेडच्या बाहेर उकिडवे बसून होते. गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या गावात मधल्या दिवसांत एका बाळंतिणीला बैलगाडीने आणावं लागलं होतं, सुखरूप आली, पण हे त्यांनी मिस्त्रींच्या कानावर जाऊ दिलं नाही. मला हळूच सांगितलं. "त्याईले नका सांगू जी," म्हणाले.

पण गावात गोष्ट लपत नाही. महिन्याभराने मिस्त्रींचा फोन आला. आवाज इतका बारीक की मी आधी ओळखलाच नाही.

"बाई, आकडे वाचाले याल का?"

मी दुकान बंद करून सकाळच्या बसने गेले. चावी त्यांनी घासून तयार ठेवली होती, नखाएवढा तुकडा, आरशासारखा चकचकीत. गिअर चढवला. त्यांचे हात पूर्वीसारखेच चालत होते, पण मधेच थांबायचे. क्रँकचा पाना हातात घेऊन ते एकदा इतका वेळ उभे राहिले, की मी हाक मारणार होते. वहिनी दारात आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. वहिनी शेडच्या कामाकडे कधी बघायच्याही नाहीत. त्या दिवशी आकडा जुळेपर्यंत तिथून उठल्या नाहीत.

मी ताटापाशी वाकले. रेघा जवळून पहिल्यांदाच बघत होते. दर दहा अंशांवर छोटे आकडे, शाळकरी अक्षरात, तीनच्या खालच्या टोकाला उगाच गोल वळण. मला ते दिसेनासे झाले. मी पदराने डोळे पुसले आणि चष्मा लावला.

"सांगा," ते म्हणाले.

"नव्वद."

त्यांनी पाना फिरवला. पाट चढला, टोकावर गेला, उतरू लागला. थांबले.

"एकशे बावीस."

"बेरीज?"

"दोनशे बारा." मी मनात भाग लावला. "निम्मे एकशे सहा, भाऊ. बरोबर आलं."

ते डायल काढायला लागले.

मी म्हटलं, "आणखी दोनदा घ्यायचं ना?"

"नाई." त्यांनी डायल फडक्यात गुंडाळलं. "एकदाच घ्याचं."

उंबऱ्यावरून वहिनींचा हुंदका ऐकू आला. फक्त एकच. मग भांडी वाजली, त्या आत चुलीकडे गेल्या होत्या.

इंजिन पुरतं बांधून गाडीत बसायला आणखी चार दिवस लागले. ते सुरू झालं त्या दिवशी मी मुद्दाम गेले. मडावीभाऊंच्या गावची सात-आठ माणसं आली होती. पहिल्याच चावीला इंजिन लागलं. धूर नाही, खडखड नाही, नुसता एकसारखा आवाज. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मडावीभाऊ ओरडले, "मिस्त्री! आवाज आयका जी!" मिस्त्री तिथे नव्हते.

मी मागच्या अंगणात गेले. ते नळाखाली हात धूत होते. साबणाचा चुरा घेऊन बोटं चोळत होते. काळं केव्हाच निघालं होतं, हात लाल झाले होते, तरी चोळत होते. वहिनी आल्या, त्यांनी नळ बंद केला. मग त्यांचा एकेक हात आपल्या पदरात घेतला आणि बोटं पुसली, एकेक बोट वेगळं. मी तिथून निघाले, बस मिळेपर्यंत स्टॅण्डवर उभी राहिले. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

त्यानंतर त्यांनी इंजिन उघडलं नाही. कोणी गाडी घेऊन आलं तर मूल गावच्या किंवा गोंडपिंपरीच्या मिस्त्रींचा पत्ता सांगायचे, पाणी द्यायचे आणि आत जायचे. मी फोन करायची. "बरं हाय," म्हणायचे. एकदा म्हणाले, "बाई, ते बाकीचे तीन गिअर काय केले?" मी म्हटलं, भंगारात टाकले, भाऊ. हातोडीने फोडून टाकले. "चांगलं केलं," ते म्हणाले. दुसरं कधी काही विचारलं नाही.

दीड वर्ष असं गेलं. फाल्गुनात एका सकाळी वहिनींचा फोन आला. झोपेतच गेले होते. दुखणं नव्हतं, ताप नव्हता. मी दुपारची बस धरली, पण पोचेपर्यंत सगळं आटोपून लोक नदीवरून परत येत होते.

आता मी महिन्या दोन महिन्यांनी वहिनींना फोन करते. त्या धानाचं बोलतात, भावाच्या घरचं बोलतात, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. मागच्या वेळी मी विचारलं, "वहिनी, एकट्या राहवतं का तिथे? भावाकडे का जात नाही?"



त्या म्हणाल्या, "राहून राह्यली, बाई. पन घरात आवाजच नाई वो. सागाचं पान गळून टिनावर पडलं, तं मी उठून दार उघडून पाह्यते."